आरामाची अदलाबदल

अक्कम्मांना आराम म्हणजे शिक्षा वाटायची. सत्तरी ओलांडली तरी घरातल्या भाकरी त्याच थापायच्या, आणि सून महेश्वरीनं एखाद्या दिवशी थापलीच, तर ताटाकडं बघून एवढंच म्हणायच्या, "छान झालीय हो. सोलापूर जिल्ह्याचा नकाशा दिसतोय. करमाळा जरा जास्तच बाहेर आलाय." अशा बाईंनी माळ्यावरचं पातेलं काढायला स्टुलावर चढावं आणि उजव्या मनगटावर आपटावं, यात नवल काहीच नव्हतं. नवल पुढं झालं.

मोठ्या दवाखान्यात प्लास्टरच्या रांगेत त्यांच्यापुढं कुंभारी गावच्या पारूबाई होत्या. त्यांचंही उजवंच मनगट, पण बसमधून उतरताना गेलेलं. पारूबाईंनी एका शाळेत शिपाई म्हणून चौतीस वर्षं काढली होती. दोघी एकाच दिवशी मोडल्या, एकाच दिवशी बांधल्या गेल्या, त्यामुळं प्रत्येक तपासणीला एकाच बाकावर भेटायच्या.

"आमच्या लहानपणी कुठलं आलं प्लास्टर?" अक्कम्मा सांगायच्या. "अक्कलकोटजवळ आमचं गाव. तिथं चनबसप्पा म्हणून हाडं बसवणारा होता. बांबूच्या कामट्या बांधायचा. थोरल्या भावाचा हात त्यानंच बसवला."

"बसला का मग?"

"बसला की! जन्मभर वाकडाच बसला. भाऊ स्वामींच्या मठाचा रस्ता दाखवायचा आणि माणसं कर्नाटकात निघून जायची."

पारूबाई इतक्या हसल्या, की आतून कुणीतरी "शांत बसा" म्हणून ओरडलं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी डॉक्टर बुद्धप्रियानं दोघींना समोर बसवलं. ही पोर एम.एस.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि मोडलेल्या मनगटांवर तिचा अभ्यास चालला होता. "आजी, प्लास्टर काढल्यावर काही डॉक्टर लगेच व्यायाम देतात, काही जण अजून तीन आठवडे पट्टी बांधून आराम देतात. दोन्ही चालतं. जास्त चांगलं कुठलं, ते मला शोधायचंय."

"म्हणजे तुला ठाऊक नाही?"

"नाही आजी."

'ठाऊक नाही' म्हणणारा डॉक्टर अक्कम्मांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी लगेच डाव्या हातानं सही ठोकली. पारूबाईंनीही केली.

मग बंद लिफाफे आले. कुणाला काय मिळणार हे डॉक्टरांच्याही हातात नव्हतं, चिठ्ठीत निघेल ते खरं. अक्कम्मांच्या लिफाफ्यातून आराम निघाला. त्याबरोबर मनगटाची पट्टी, आणि ती बांधल्याची रोज खूण करायला एक तक्ता. पारूबाईंना व्यायाम निघाला: स्पंजचा चेंडू दिवसातून चार वेळा दाबायचा, मनगट वर-खाली करायचं, आणि प्रत्येक वेळी तक्त्यावर खूण करायची.

बाहेर येऊन दोघी बाकावर बसल्या.

"शिवशिवा! तीन आठवडे नुसतं बसू मी?" अक्कम्मा म्हणाल्या. "त्यापेक्षा दुसरा हात मोडा माझा."

पारूबाई त्या आरामाच्या कागदाकडं बघत होत्या. "अक्का, चौतीस वर्सं घंटा बडवली, पानी भरलं, पोरांची नाकं पुसली. घरी आलं की परत तेच. मला आराम करा असं कुनी लिवून दिलं न्हाय कधी. ह्यो बघा, शिक्का बी हाय."

"घ्या मग."

"अं?"

"घ्या म्हणते. आणि तो चेंडू इकडं द्या."

भाजीवालीकडं मेथीची जुडी परत देऊन शेपू घ्यावी, इतक्या सहज दोघींनी लिफाफे बदलले. पट्टी, चेंडू, तक्ते, सगळं. आपण कुणाचं काही बिघडवतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही. औषध थोडंच बदललं होतं?

तीन आठवडे मजेत गेले. अक्कम्मा चेंडू दाबायच्या, मनगट हलवायच्या, दुखलं की ओठ चावायच्या आणि पारूबाईंच्या तक्त्यावर ठसठशीत खूण करायच्या. तिकडं पारूबाईंचा मुलगा धोंडिराम यानं आरामाचा कागद घरात मोठ्यानं वाचून दाखवला होता. शिक्का बघून सून सकाळचा चहा अंथरुणापाशी आणून द्यायला लागली. पारूबाईंनी चहा दोन वेळचा केला.

तपासणीच्या दिवशी दोघींनी बाकावर आपापले तक्ते परत घेतले. आत बुद्धप्रियानं पकड मोजायचं यंत्र अक्कम्मांच्या हातात दिलं. काटा अकरा किलोवर गेला.

"आजी! आरामातच एवढी ताकद?"

"खाल्लेलं अंगी लागतं," अक्कम्मा म्हणाल्या आणि पदर सारखा केला.

मग पारूबाईंची पाळी आली. काटा तीनवर थरथरला आणि थांबला. बोटं सुजली होती, मूठ अर्धीच वळत होती. बुद्धप्रियानं त्यांचा तक्ता उलटसुलट पाहिला. एकवीस दिवस, चौऱ्याऐंशी खुणा. एक चुकली नव्हती.

तिचा चेहरा उतरला. "पारूआजी, एवढा व्यायाम करूनही हात असा राहिलाय म्हणजे आत काहीतरी वेगळं आहे. नस दबली असेल, नाहीतर हाड नीट जुळलं नसेल. पुन्हा फोटो काढू, नसांची तपासणी करू. सरांना आजच दाखवते. कदाचित ऑपरेशन..."

"आपरेशन?" पारूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तरी त्यांनी टेबलाखालून अक्कम्मांचा पाय दाबला. बोलू नका.

अक्कम्मा पेचात पडल्या. बोललं तर ही गुणी पोर चिडणार, आपल्याला अभ्यासातून काढून टाकणार, चारचौघांत हसं होणार. आणि नाही बोललं, तर आपण मारलेल्या खुणांपायी या बाईच्या चांगल्या हातावर सुरी चालणार. पाय आणखी जोरात दाबला गेला.

"पारूबाई, पाय काढा, लागतंय," त्या म्हणाल्या. "बाळ, त्या खुणा माझ्या आहेत."

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

बुद्धप्रियानं दोन्ही हातांनी कपाळ धरलं. मग तिचे खांदे हलायला लागले. रडते की काय म्हणून अक्कम्मा उठल्या, तर ती हसत होती. पण हसू ओसरल्यावर ती गंभीरपणे म्हणाली, "आजी, मी त्या तक्त्यावर भरवसा ठेवला. खोट्या खुणेवर उपचार ठरला असता."

"चुकलं," अक्कम्मा म्हणाल्या. हा शब्द महेश्वरीनं ऐकला असता तर तिला खरा वाटला नसता. "आता आमची नावं खोडणार तू?"

"खोडायची नसतात. जे झालं ते जसंच्या तसं लिहायचं. पण अभ्यासाचा नियम असा, की चिठ्ठीत जो गट निघाला, हिशेब त्याच गटात धरायचा."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही आरामवाल्या. पारूआजी व्यायामवाल्या."

"अय्यो! तीन आठवडे दात-ओठ खाऊन चेंडू मी दाबायचा आणि नाव व्यायामाला यांचं?"

"चिठ्ठी माजीच हुती की," पारूबाई हळूच म्हणाल्या. मग त्यांना आठवलं. "डाक्टरीनबाई, आपरेशन?"

"आधी खराखुरा व्यायाम करा. दोन आठवड्यांनी बघू. बहुतेक लागणार नाही."

पारूबाईंनी श्वास सोडला, पण तोंड पडलेलंच राहिलं. "मंजी आराम संपला, अंथरुनातला च्या बी संपला. घरी काय सांगू?"

"जड उचलायचं नाही, पाणी भरायचं नाही, हे मी लिहून देते. ते खरंच आहे. चहाचं मात्र लिहिणार नाही."

शेजारच्या खोलीत कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून पारूबाईंनी पहिल्यांदा मूठ वळवली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्कम्मांनी त्यांचं कोपर खालून धरलं. आपण मागितला म्हणून हिनं चेंडू दिला, हे त्यांना टोचत होतं, पण ते बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती.

"एक झालं. अजून नऊ."

"आई गं... मेले मी!"

"मेलेली माणसं ओरडत नाहीत. दोन. आणि पुढच्या मंगळवारी मी कुंभारीला येते, घरीच करून घेते तुमच्याकडून. तीन. मूठ पूर्ण वळवा, अशी नाही चालायची."

"अक्का," पारूबाई दात आवळून म्हणाल्या, "तुमी आमच्या शाळंत मास्तरीन न्हवता ते लई बरं झालं. घंटा व्हायच्या आदीच सगळी पोरं पळाली असती."

"चार," अक्कम्मा म्हणाल्या.