आठ बाह्यांचा ब्लाउज

शिंप्याच्या धाकट्या मुलीला देवादिकांचं भारी वेड. तिच्या खोलीच्या भिंतीवर देवींचीच चित्रं. एक दिवस तिनं विचारलं, "बाबा, अष्टभुजेच्या ब्लाउजला बाह्या कशा जोडायच्या?"

बाबांनी तोंडातली टाचणी काढली. "का, ऑर्डर आलीय?"

"येईल की कधीतरी!"

कामाचा प्रश्न म्हटल्यावर बाबाही इरेला पेटले. शिवत, उसवत, पुन्हा शिवत बापलेकीनं लाल ब्लाउज तयार केला. आईनं कपाळावर हात मारला. मुलीनं तो दुकानाच्या दर्शनी काचेत टांगला.

पुढच्याच आठवड्यात मोठी शाल पांघरलेली एक बाई आली आणि ब्लाउज घेऊन पडद्याआड गेली. आत बांगड्यांचा किणकिणाट काही थांबेना. मुलगी हात जोडून उभी राहिली.

पडद्यातून डोकं बाहेर काढून बाई म्हणाली, "छान बसलाय. फक्त डावीकडची तिसरी बाही दंडात घट्ट होतेय."

"आत भरपूर माया ठेवलीय, ताई. उसवून देतो," बाबा म्हणाले. "हात वर करा."

"कोणता?"

बाबांनी टाचणी पुन्हा तोंडात धरली. मुलीनं त्यांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली आणि ती पडद्याआड शिरली. "तुम्ही सगळेच वर करा," तिचा आवाज आला, "मी बघते."