मालसिमच्या वाट्याचा संदेष्टा

"हे मला नको, पाळकसाहेब. दुसरं काहीतरी द्या," म्हणत मालसिमने वही टेबलावर ठेवली आणि चटका बसल्यासारखे दोन्ही हात मागे घेतले.

पाळक मिन शेगडीशी हात शेकत उभा होता. पस्तिशीचा तरुण, तीनच वर्षांपूर्वी या खाडीकाठच्या गावात आलेला. येत्या ईस्टरला चर्चला साठ वर्षं पूर्ण व्हायची होती. त्यानिमित्त मंडळीतल्या प्रत्येकाने शास्त्राचा एकेक भाग हाताने उतरवून काढायचा आणि मग सगळं एकत्र बांधायचं, असं ठरलं होतं. कुणी काय लिहायचं त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या.

"चिठ्ठीत आलंय, बाई. प्रभूनेच दिलं असं समजा."

"मग प्रभूला म्हणावं, चिठ्ठी परत घे. त्या केस कापणाऱ्या बाईच्या नशिबी प्रीतीचा अध्याय आला. आणि माझ्या नशिबी हा संदेष्टा! पहिल्या पानापासून आग पाखडतोय नुसता. सिंह होईन काय, फाडून टाकीन काय, पिल्लं पळवलेली अस्वलीण काय... देव आहे का कोण आहे?"

"म्हणजे वाचलंत तर!"

"चाळलं."

"चौदाच अध्याय आहेत. अकरावा तेवढा आधी वाचून बघा."

"क्रमाने लिहा असं तुम्हीच सांगितलंत ना? मग क्रमानेच येऊ दे तो अकरावा," मालसिम म्हणाली आणि पुटपुटत का होईना, वही उचलून घरी घेऊन गेली. चिठ्ठी नाकारायची हिंमत तिलाही नव्हती.

तिला अडुसष्ट संपून एकोणसत्तरावं लागलं होतं. चार मुलींच्या पाठीवर पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा बापाने 'आता ही शेवटची' म्हणून नावातच 'माल', म्हणजे 'शेवट', घालून ठेवला होता. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची नावं अशीच होती. हिवाळाभर ती खाडीच्या चिखलात शिंपल्या काढायला जाई. लांबट फळीवर एक गुडघा टेकायचा, दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटायचा, की फळी पुढे सरकते. हे काम तिला सोळाव्या वर्षापासून येत होतं. अक्षरं मात्र त्रेपन्नाव्या वर्षी आली, चर्चच्या तळघरातल्या वर्गात. तेव्हापासून ती रोज पहाटेच्या प्रार्थनेनंतर शास्त्राचं एक पान वाचत असे. फक्त देव रागावलेला दिसला की ती पान उलटून पुढे जाई.

याचं कारण तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं.

तिला दोन मुलगे होते. थोरला तेसिक आता पोलादाच्या कारखान्यात होता आणि शनिवार-रविवार घरी येई. धाकटा सहा वर्षांचा असताना न्यूमोनियाने गेला. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. पोराला तेव्हा खोकला होता, पण खेळत होता. रविवारी सकाळी ओहोटी चांगली लागली होती आणि नवरा पाय मोडून घरात पडला होता. म्हणून ती उपासनेला न जाता चिखलात गेली. परत आली तेव्हा पोर तापाने फणफणलं होतं. बुधवारी ते गेलं. घरात माणसं बसलेली असताना चर्चचे ज्येष्ठ कारभारी यांग एल्डर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "प्रभूचा दिवस मोडला की प्रभूचा कोप होतो. मालसिम, आता तरी शहाणी हो."

ती तेव्हा चहाच्या वाट्या विसळत होती. ती विसळत राहिली.

त्या दिवसानंतर नवऱ्याने चर्चची पायरी चढली नाही, मरेपर्यंत. मालसिम मात्र जात राहिली. तिने आपल्यापुरती वाटणी करून टाकली होती. एक देव पहाटे तिचं ऐकून घेणारा, दुसरा यांग एल्डरांच्या तोंडातला. पहिल्याशी तिचं चांगलं जमलं होतं. दुसऱ्याच्या वाटेला ती जात नव्हती. एवढ्यावर तिचं आयुष्य तसं सुखात चाललं होतं. घर गरम होतं, मुलगा मार्गाला लागला होता, आणि सहा वर्षांपूर्वी व्हिएतनामहून आलेली सून थूई लाघवी होती, कामाला वाघीण होती. फक्त मेली ऐकत नसे.

जानेवारीत एक दिवस तिने ऐकलं नाही, त्याचीच ही गोष्ट.

त्या दिवशी मालसिम आणि थूई धरून बारा बायका चिखलात उतरल्या होत्या. दुपारी भरतीची वेळ झाली तशी म्होरकीने शिट्टी वाजवली आणि सगळ्यांनी फळ्या वळवल्या. काठावर आल्यावर मोजलं तर अकराच. मालसिमने वळून पाहिलं. लांब, भरतीचं पाणी जिथून आधी आत शिरतं त्या खाडीच्या नाळेजवळ, थूईची लाल टोपी दिसत होती. तिथे शिंपल्यांचा थर लागला असणार आणि पोरगी हावेला पडली असणार. पण टोपी हलत नव्हती, आणि फळी नाळेतून एकटीच वाहत चालली होती.

म्होरकी म्हणाली, "थांब, बोट बोलावते."

"बोट येईस्तोवर काय राहील?" म्हणत मालसिमने फळी वळवलीसुद्धा.

एवढ्या जोरात तिने आयुष्यात फळी रेटली नव्हती. थूई कमरेपर्यंत रुतली होती आणि नाळेतलं पाणी तिच्याकडे पसरत येत होतं. मालसिमने तिला चिखलातून उपसून आपल्या फळीवर पालथं घातलं, बगलेत दोर अडकवला, स्वतः चिखलात उतरली आणि ओढायला लागली. जीव खाऊन ओढत होती आणि तोंडाने शिव्यांचा पट्टा चालू होता. काठावर पोचल्यावर तरी थांबावं! पण नाही. थूईच्या कमरेला बांधलेली शिंपल्यांची जाळी तिने सोडली, सगळ्यांसमोर पाण्यात उपडी केली, आणि पुन्हा सुरू. शेवटी म्होरकीच म्हणाली, "अगं मालसिम, पुरे. पोरगी गारठलीय."

घरी खालून तापवलेल्या गरम जमिनीवर गोधडीत गुरफटून थूई बसली होती. तिने सासूचे दोन्ही तळहात आपल्या मांडीवर घेतले होते आणि दोराने सोललेल्या जागी मलम लावत होती.

"आई, तुम्ही मला मघाशी काय काय म्हणालात, माहिताय?"

"काय म्हणाले?"

"म्हणालात, तंगड्या मोडून ठेवीन. म्हणालात, व्हिएतनामला पार्सल करून टाकीन. अशी सून असण्यापेक्षा नसलेली बरी. मग म्हणालात, राहा मर इथेच, मी चालले तुला सोडून."

"असं म्हणाले मी?"

"दोनदा. सोडून चालले म्हणत होतात नि ओढत होतात." थूई हसायला लागली. "माझी आई अशीच. मी नदीत पडले होते, तर बाहेर काढून आधी एक थोबाडीत दिली. मग कवटाळून बसली ती संध्याकाळपर्यंत सोडेना."

"एकच दिली? मी असते तर दोन दिल्या असत्या," मालसिम म्हणाली. पण हसली नाही. हाताची आग होत होती आणि तिच्या डोक्यात काहीतरी घोळत होतं.

तीन दिवस तिला पेन धरता आलं नाही. चौथ्या दिवशी न्याहारीनंतर तिने वही उघडली आणि मोठ्या, गोल अक्षरांत लिहायला बसली. रोज एक अध्याय. देव गरजत होता आणि ती त्याचं गरजणं ओळीने उतरवून घेत होती, एक शब्द न गाळता. पहिल्यांदाच तिला त्या रागाची भीती वाटली नाही. ती कान देऊन ऐकत होती. कारण अशा आवाजात बोलणारं माणूस आतून कसं असतं, ते तिला आता आतूनच माहीत होतं.

मग अकरावा अध्याय आला. इतका वेळ मेघासारखा गडगडणारा तो अचानक म्हणत होता की या लेकराला मीच दंडाला धरून चालायला शिकवलं, पण त्याला ते कळलं नाही. म्हणत होता, तुला सोडून देऊ तरी कसं? माझंच काळीज उलटंपालटं होतंय. मालसिमने पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर वाळत घातलेल्या मुळ्याच्या पाल्याकडे बराच वेळ बघत राहिली.

दोन अध्याय पुढे गेली तर पुन्हा सिंह, पुन्हा अस्वलीण.

"अगं बाई, परत सुरू झाला!" ती मोठ्याने म्हणाली आणि एकटीच हसली.

वही पुरी करून ती पाळकाकडे गेली. "हा राग मला कळला," ती म्हणाली. "पण एक राहिलं." आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने ती रविवारची ओहोटी, तो ताप आणि ते वाक्य कुणालातरी सांगितलं.

पाळक मिनने वही जवळ ओढून पानं उलटून पाहिली. मग म्हणाला, "या संदेष्ट्याचा देव खोटं माप वापरणाऱ्यांवर रागावतो. त्याला विसरून दुसऱ्यांच्या पायाशी लोळणाऱ्यांवर रागावतो. आजारी पोराच्या आईवर रागावलेला मला यात कुठेच सापडत नाही. मी पुन्हा शोधीन, पण नाहीच सापडणार."

"मग माझं पोर का गेलं?"

"मला माहीत नाही, बाई."

मालसिमने मान हलवली. हे उत्तर तिला आवडलं. निदान खरं होतं.

"पुरी झालेली वही यांग एल्डरांना वाचून दाखवायची पद्धत ठेवलीय," पाळक अवघडून म्हणाला. "चर्च बांधणाऱ्यांपैकी ते एकटेच उरलेत. तुमची वही मी वाचतो. तुम्ही नका जाऊ."

"मी लिहिलीय, मीच वाचणार."

यांग एल्डर एक्याण्णव वर्षांचे होते आणि दोन वर्षांपासून अंथरुणावर होते. मालसिम गेली तेव्हा त्यांची मुलगी बाजारात निघाली होती. पेजेचा वाडगा झाकून ठेवून आणि "तासाभरात आलेच हं" म्हणून ती गेली. मालसिमने अंथरुणाशी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मधे मधे अडखळली, तेव्हा म्हाताऱ्याने डोळे मिटूनच शब्द पुरवला.

वाचून झालं. तिने वही मिटली.

"एल्डरसाहेब, ओळखलंत का मला?"

"मालसिम. तुझं किमचीचं लोणचं खारट असतं."

"माझं पोर गेलं तेव्हा तुम्ही मला काय बोलला होतात, आठवतंय?"

"पोर? तेसिक तर आहे की."

"धाकटा."

म्हातारा छताकडे बघत आठवत राहिला. खरंच प्रयत्न करत होता. मग म्हणाला, "नाही गं आठवत."

आणि मालसिमचा बांध फुटला. "आठवत नाही? चाळीस वर्षं मी तुमचं एक वाक्य उशाशी घेऊन झोपले, नि तुम्हाला आठवत नाही? मी वाट्या विसळत होते! पोर मातीत घालून आले होते, नि तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणालात, प्रभूने मारलं. माझ्यामुळे मारलं. प्रभूने तुमच्या कानात येऊन सांगितलं होतं का? कसला देव तुमचा! माझा नवरा तुटला तुमच्यामुळे देवापासून. तोंड होतं की विळा?" आवाज इतका चढला होता की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. जे जे साठलं होतं ते सगळं ती बोलली, आणि थांबली तेव्हा तिचा घसा बसला होता.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळून कानात जात होतं. त्याला हात उचलता येत नव्हता.

"अजून बोल," तो म्हणाला.

"काय अजून बोल?"

"माझ्यावर कुणी रागावत नाही आता. मुलगी गोड बोलते, पाळक गोड बोलतो. तान्ह्या पोराशी बोलावं तसं. रागवायच्या लायकीचासुद्धा उरलो नाही मी." त्याने मान कशीबशी तिच्याकडे वळवली. "बोललो असेन गं मी. तसं बोलणाऱ्यांतलाच होतो. चुकलो. प्रभूचं नाव घेऊन बोललो, म्हणजे फारच चुकलो."

मालसिम पुढे सरकली. बाहीने त्याच्या कानातलं पाणी टिपलं, मग दुसऱ्या कानातलं. पेज गार झाली होती. ती उठून स्वयंपाकघरात गेली, पेज गरम केली, त्याची मान हातावर घेऊन चमचा चमचा भरवली. निम्मा वाडगा झाल्यावर त्याने तोंड मिटलं.

"नाव काय होतं त्याचं?" त्याने विचारलं.

ते नाव घरात कुणी उच्चारत नसे. नवऱ्यानेही कधी उच्चारलं नव्हतं.

"इन-हो," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. आवाज अगदी बारीक होता, पण जुन्या सवयीने प्रत्येक शब्द तोलून म्हटलेला. मालसिमनेही मान खाली घातली.

"हे प्रभू, तुझ्याजवळ असलेल्या इन-सूला..."

"इन-हो," मालसिम म्हणाली.

म्हातारा थांबला. त्याने ओठ ओले केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, सावकाश. या खेपेला त्याने नाव बरोबर घेतलं.