अडखळणाऱ्यांचा रविवार

मावशीचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. लहानपणापासून ती बोलताना अडखळायची. गिऱ्हाइकांना त्याचं काही वाटत नसे, आणि तिलाही. भाचीने हौसेने तिचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला: पंक्चर कसं काढायचं.

"ट्यूब आधी प-प-पाण्यात बुडवायची," मावशी म्हणाली आणि पुढचं सगळं नीट समजावून सांगितलं.

दोन दिवसांत कुणीतरी तेवढाच 'प-प-प' उचलून त्याला चाल लावली. हजारोंनी पाहिलं, खिदळले. मावशी हातात पाना तसाच धरून एकेक शेरा वाचत बसायची. जेवण जाईना. हळूहळू तिने बोलणंच सोडलं. गिऱ्हाईक आलं की पाटीवर खडूने लिहायची, 'उद्या न्या'.

तीन आठवड्यांनी भाची रडवेली होऊन म्हणाली, "चुकलंच माझं. काढून टाकते तो व्हिडिओ. पण त्याआधी एक निरोप ऐक."

निरोप शाळेची बस चालवणाऱ्या एका बाईचा होता. 'मीही अडखळते. तुमचा व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. शब्द अडला तरी तुम्ही तो सोडला नाहीत. काल मी बसमधल्या मुलांना पहिल्यांदाच नावाने हाका मारल्या.'

मावशीने चष्मा काढून पुसला. "फ-फोन लाव तिला."

दहा मिनिटांच्या गप्पांना पाऊण तास लागला, आणि दोघींनाही तो कमीच पडला.

दुसऱ्या दिवशी दुकानात घाईतलं गिऱ्हाईक आलं. मावशी म्हणाली, "तुमच्या चे-चे-"

"चेन तुटलीय?"

"चेहऱ्याला ग्रीस लागलंय!"

आता दर रविवारी सकाळी फोनवर नऊ जण जमतात. त्यात एक दंतवैद्य आहे, एक नुकतीच लग्न ठरलेली मुलगी. टिंगल करणारे अजून आहेतच. पण शेरे वाचायचं काम मावशीने भाचीकडे सोपवलंय. "मला कुठाय वेळ? चार चाकं स-सरळ करायचीत."

परवा बसवाल्या बाईंनी विनोद सांगायला घेतला आणि नेमका शेवटचा शब्द अडला. बाकीचे आठही जण श्वास रोखून थांबले. शब्द निघाला एकदाचा. विनोद अगदीच टुकार होता. हसता हसता मावशी स्टुलावरून पडता पडता वाचली.