टोपीवाल्या साहेबांना विचारायचं

माझ्या मुलाच्या अमेरिकेतल्या घरात पाच बेडरूम आहेत आणि बोलायला माणूस नाही. सत्यजित वरच्या खोलीत दार लावून मीटिंगा करतो. सूनबाई गिरिजा सकाळी गाडी काढते ती दिवेलागणीला उगवते. म्हणून साफसफाईला येणारी रेइना उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना सोबत आणायला लागली तेव्हा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. येसेनिया नऊ वर्षांची, तिचा भाऊ एल्मेर सहाचा. दोघं गॅरेजच्या पायरीवर गप्प बसून असायची. मी त्यांना दंडाला धरून आत आणलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. भुसावळच्या शाळेत उभी हयात इंग्रजी शिकवलेल्या बाईला समोर दोन मुलं बसलेली दिसली, तर ती दुसरं काय करणार?

वर्षभर इथल्या शाळेत जाऊनही इंग्रजीत तोंड उघडायची दोघांना भीती. मी फळांपासून सुरुवात केली. रेइना फरशी पुसायची थांबली, फोनशी स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलली आणि फोनने ते मला इंग्रजीत ऐकवलं. "फळं नकोत. रेल्वे स्टेशन शिकवा."

मला रागच आला. मी काय शिकवायचं ते ठरवणारी ही कोण? माझा चेहरा बघून ती पुन्हा फोनशी बोलली. होंडुरासहून आलेली, कागदपत्रं नाहीत, आणि तिच्या वस्तीतून इमिग्रेशनचे पोलीस रोज कोणाला तरी उचलून नेत होते. "एखाद्या दिवशी मी घरी आले नाही, तर यांनी ट्रेनने डॅलसला माझ्या बहिणीकडे जायचं. कोणाच्या नजरेत न येता. तेवढं शिकवा." फोनमधल्या बाईने हे हवामान सांगावं तसं सांगितलं.

मग काय, मी पदर खोचला. स्टेशन म्हणजे माझ्या घरचं कार्य. आमची शाळा रेल्वे क्वार्टर्सच्या मागे, अर्धा वर्ग गार्डांच्या आणि पॉइंट्समनांच्या पोरांचा. गिरिजाच्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या काढून मी गाडी जुळवली, कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याला चौकोनी भोक पाडून तिकिटाची खिडकी केली. धिस इज अ स्टेशन. दॅट इज अ ट्रेन. व्हेअर इज द टिकेट विंडो? टू टिकेट्स टू डॅलस, प्लीज. मी म्हणायचे, पोरं सुरात म्हणायची. 'इज' पक्कं झाल्यावर 'इज नॉट' घेतलं. माय मदर इज नॉट ॲट होम. माय आंट इज वेटिंग. एल्मेरला इंग्रजीची मुळीच भीती उरली नाही. तो खोक्यासमोर छाती काढून उभा राहायचा आणि "गुड आफ्टरनून" अशा थाटात म्हणायचा की मला त्याचा पापा घ्यावासा वाटायचा. मावशीचा पत्ता मी त्याच्याकडून रोज घोकून घेतला, रस्ता, बिल्डिंग, घर नंबरासकट.

आणि हरवलात तर? तर गणवेशातल्या माणसाकडे जायचं. टोपीवाल्या साहेबांना विचारायचं, न घाबरता, पूर्ण वाक्यात. हे मी भुसावळच्या प्रत्येक वर्गाला शिकवलंय.

ओट्याशी उभी असलेली रेइना गर्रकन वळली. "नो, सेन्योरा. नो युनिफॉर्म." फोन शोधायलाही थांबली नाही. मी तिला समजावलं की स्टेशनातला माणूस म्हणजे पोलीस नव्हे, तो मदतीसाठीच असतो, पोरांच्या मनात भलती भीती घालू नकोस. घर माझ्या मुलाचं, काम तिचं. ती पुन्हा ओटा पुसायला लागली. येसेनियाने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. एल्मेरने माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य खणखणीत म्हणून दाखवलं. मी त्याला बेदाणे दिले.

गिरिजाला हा वर्ग मान्य नव्हताच. "आई, लायबिलिटी असते हो. उद्या काही झालं तर आपल्यावर येईल," ती म्हणायची. सत्यजित लॅपटॉपमधून मान वर न करता "आई, जस्ट बी केअरफुल" म्हणायचा. त्याची ग्रीन कार्डची फाइल शेवटच्या टप्प्यात होती. त्या फाइलपुढे या घरात देव्हाराही दुय्यम.

एका शुक्रवारी रेइना आली नाही. दुपारी बेल वाजली. दारात दोघं, पाठीवर दप्तरं. त्यांना सोडून जाणारी रेइनाच्या शेजारणीची गाडी कोपऱ्यावर वळत होती. बोलला तो एल्मेर. "गुड आफ्टरनून, टीचर. माय मदर इज नॉट ॲट होम." एकही चूक नाही.

सत्यजितला दाराच्या कॅमेऱ्यातून सगळं दिसलं होतं. तो धाडधाड जिना उतरला.

"आई, त्यांना आत घेऊ नकोस."

"आत नाही घेत. गाडी काढ. स्टेशनवर सोडू, दहा मिनिटांचं काम आहे."

"आर यू सीरियस? सगळं रेकॉर्ड होतंय इथे. माझ्या गाडीत ती मुलं... फाइलचं काय होईल कळतंय का तुला? मी पोलिसांना फोन करतो, ते हँडल करतील. त्यांची सिस्टिम असते."

"त्या सिस्टिमनेच त्यांची आई नेलीय!"

"आई, प्लीज यार. मला दोनची मीटिंग आहे."

याला मी नऊ महिने पोटात वाढवलं, याचे पाढे पाठ करून घेतले. त्या क्षणी मला त्याची किळस आली. लेकाची किळस येते का? येते. मी चपला घातल्या, पोरांचे हात धरले आणि निघाले. पाठीमागे दार लागलं. त्याने पोलिसांना फोन तरी केला नाही. आता तेवढ्याचेच आभार मानायचे!

जुलैचं ऊन डोक्यावर आणि रस्त्यावर चालणारे आम्ही तिघंच. संध्याकाळी फिरायला निघाले की आगगाडीचा भोंगा ऐकू यायचा तो किराणा मॉलच्या पलीकडून, एवढंच मला माहीत होतं. स्टेशन मी कधी पाहिलं नव्हतं. पाहायला हवं होतं. शिकवण्याआधी बाईने धडा वाचायला नको?

स्टेशन कसलं, सिमेंटचा एक लांबलचक ओटा होता. वर पत्रा, दोन बाकं, एक यंत्र. खिडकी नाही, चौकशी नाही, स्टेशनमास्तर नाही. "टीचर, व्हेअर इज द टिकेट विंडो?" एल्मेरने विचारलं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि मला रडू फुटेल असं वाटलं.

येसेनिया यंत्रापाशी गेली. पडद्यावर 'एस्पान्योल', म्हणजे स्पॅनिश, लिहिलेलं होतं, तिने ते दाबलं. मग तिची बोटं भराभर चालली. आईने दप्तरात ठेवलेल्या नोटा तिने एकेक सरळ करून यंत्रात सारल्या. माझ्या इंग्रजीचं तिथे काही कामच नव्हतं. लांबून गाडी येताना दिसली, माझा जीव भांड्यात पडला आणि मी एल्मेरचा हात धरायला वळले.

तो शेजारी नव्हता.

ओट्याच्या टोकाला गणवेशातला एक माणूस उभा होता, डोक्यावर टोपी, कमरेला पट्टा, पट्ट्यात पिस्तूल. एल्मेर त्याच्यासमोर छाती काढून उभा होता. बाईंना खिडकी सापडत नाही म्हटल्यावर पोराने बाईंचा पुढचा नियम पाळला होता. मी धावले. पोहोचले तेव्हा तो माणूस एका गुडघ्यावर बसला होता आणि एल्मेर त्याला मावशीचा पत्ता सांगत होता. रस्ता, बिल्डिंग, घर नंबर, पूर्ण वाक्यात.

माणूस वाईट नव्हता. हसून ऐकत होता. त्याने पत्ता खांद्यावरच्या वायरलेसमध्ये जसाच्या तसा सांगितला, आई घरी नाही हेही सांगितलं, आणि पलीकडून काहीतरी उत्तर आलं. आमच्या मागे गाडी थांबली, दारं उघडली. येसेनिया दोन तिकिटं हातात धरून उभी होती. ती एल्मेरकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. दारं मिटली आणि गाडी निघून गेली.

साहेब उठले. "तुम्ही शिकवलंत का याला?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "फार छान बोलतो, मॅम."

"थँक यू," मी म्हणाले.