पुसून ठेवलेला नट

घड्याळजींचे हात थरथरायला लागले आणि त्याच सुमारास त्यांची गाडीही रस्त्यावर डगमगायला लागली. आधी कोण डळमळलं, गाडी की माणूस, यावरून घरात दोन पक्ष पडले. एका पक्षात घड्याळजी एकटे. दुसऱ्यात त्यांची लेक, जी फोनवरूनसुद्धा हातवारे करून बोलते असं त्यांना वाटे. आणि माई, म्हणजे घड्याळजींची बायको, त्या कोणत्या पक्षात हे कुणी विचारलंच नव्हतं. माई मुळातच हळू बोलणाऱ्या. त्या काही बोलल्या नाहीत की ज्याला त्याला वाटे, आपल्याच बाजूने आहेत.

गाडी होती दोघांपुरतीच. बुटकी, लांब नाकाची, कापडी छताची, एके काळी लाल. घड्याळजींनी ती तरुणपणी मोडीत निघालेली आणली होती आणि घड्याळाइतक्याच निगुतीने उभी केली होती. पुढे घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं, अवजारं वाटून टाकली, पण गाडी राहिली. तिच्यात बसले की त्यांची पाठ सरळ व्हायची, हे माईंनी कितीदा पाहिलं होतं.

डॉक्टर म्हणाले होते, एवढ्याशा थरथरीपायी गाडी सोडायची गरज नाही. स्वतःच्या हातांवर भरवसा आहे तोवर चालवा. लेकीचं म्हणणं, भरवसा काय, बाबांना तो मरेपर्यंत राहील. शेवटी घड्याळजींनीच तोड काढली. स्टिअरिंगचे भाग झिजलेत, ते बदलतो. मग गाडी सरळ चालली तर तू गप्प बसायचंस. नाही चालली तर दोष माझा. किल्ली तुझ्या आईच्या हातात देईन आणि पुन्हा मागणार नाही.

त्या दिवशीपासून माई रोजच्या प्रार्थनेत एक वाक्य जास्तीचं म्हणू लागल्या. ह्यांच्या हातून ती गाडी सुटू दे. मोठ्याने नाही, मनातसुद्धा हळूच.

नवे भाग आले तेव्हा गॅरेजचं दार उघडून, गाडीचं नाक जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवलं. चाकं काढली. झीज शोधायची त्यांची पद्धत ठरलेली होती: माई आत बसून स्टिअरिंग इकडेतिकडे हलवायच्या, आणि घड्याळजी खाली आडवे होऊन सांध्यावर पंजा ठेवायचे. सांधा ढिला असेल तर हाताला टकटक लागते. या वेळी ते बराच वेळ खाली राहिले. मग म्हणाले, "तू ये खाली. मला माझीच टकटक लागतेय."

माई जुनं लुगडं खोचून जमिनीवर आडव्या झाल्या. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत एक दांडी येते आणि तिच्या टोकाला गोळ्याचा सांधा असतो. त्यावर त्यांनी हात ठेवला आणि वरून घड्याळजींनी स्टिअरिंग हलवलं. टकटक होती. दोन्ही बाजूंना होती. रबरी टोप्या फाटून आतलं ग्रीस वाळून गेलेलं. म्हणजे घड्याळजी खोटं बोलत नव्हते. माईंनी तसं सांगताच त्यांचा चेहरा असा खुलला, की माईंना आपलं जास्तीचं वाक्य आठवून कानकोंडं झालं.

दांडीचं हे सांध्याचं टोक बदलायचं तर एक गोष्ट सांभाळावी लागते. दांडीवरच्या आट्यांवर एक नट असतो, तो टोकाला घट्ट धरून ठेवतो. तो जरासा सैल करायचा, पण जागेवरून हलवायचा नाही. नवं टोक त्या नटाला टेकेपर्यंत फिरवलं की माप आपोआप जुळतं. डावीकडे हे घड्याळजींनी स्वतः केलं. फक्त शेवटची बारीक पिन काही केल्या भोकात जाईना. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारी ती बोटं. माईंनी पिन हातातून घेतली आणि बसवली.

उजवीकडचं जुनं टोक निघालं आणि घरात फोन वाजला. लेकच असणार म्हणून घड्याळजी आत गेले. त्यांचं बोलणं लांबलं. माई तिथेच बसून राहिल्या, समोर ती दांडी, आणि तिच्यावर काळ्या चिखलाने माखलेला नट. दुकानातला नियम माईंच्या अंगात मुरलेला होता: काढलेली वस्तू पुसल्याशिवाय परत लावायची नाही. संसारभर त्यांनी तोच ऐकला होता. त्यांनी नट फिरवून काढला, रॉकेलच्या वाटीत बुडवला, तारेच्या ब्रशने आटे लख्ख केले, तेलाचा थेंब सोडला आणि नट परत लावला. जिथे होता, साधारण तिथेच.

घड्याळजी आले, नवं टोक नटाला टेकेपर्यंत फिरवलं, घट्ट केलं.

दुपारी दोघं निघाली. सांध्यांची टकटक गेली होती, पण गाडी गल्लीच्या बाहेर पडताच डावीकडे ओढायला लागली. घड्याळजी तिला सरळ करत, ती पुन्हा जाई. स्टिअरिंगवरचे त्यांचे हात एकसारखे खालीवर होत होते. समोरून टेम्पो आला तेव्हा माईंनी दाराचा पट्टा पकडला. घड्याळजींनी तो पट्टा पाहिला. पुढच्या चौकातून त्यांनी गाडी परत वळवली.

गॅरेजमध्ये त्यांनी इंजिन बंद केलं. मग किल्ली काढून माईंच्या ओंजळीत ठेवली. ते म्हणाले, "झालं. गाडीत आता बदलण्यासारखं काही उरलं नाही."

संध्याकाळी लेकीने फोनवर सांगितलं, आई, सुटलीस एकदाची. माईंनी हुंकार दिला. त्यांची प्रार्थना ऐकली गेली होती, आणि तरी त्यांना हात जोडताना देवाकडे बघवलं नाही.

माई सकाळी उठल्यापासून प्रार्थना होईपर्यंत कुणाशी बोलत नसत. हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. दुसऱ्या दिवशी त्या मौनातच झाडू आणायला गॅरेजमध्ये गेल्या. गाडी काल ठेवली तशी उभी होती. पुढची चाकं नाकाच्या रेषेत, सरळ. काचेतून माईंना स्टिअरिंग दिसलं, आणि त्याचे आरे तिरपे होते. कुणाचाही हात त्यावर नव्हता.

झाडू हातात धरून त्या तशाच वाकल्या. डावीकडचा नट काळाकुट्ट. उजवीकडचा लखलखीत.

सगळं कळायला क्षणही लागला नाही. पण मौन होतं, आणि ते आहे म्हणून माईंना बरं वाटलं. प्रार्थना झाली, चहा झाला, तोंड उघडायला मोकळीक झाली, तरी त्या गप्पच राहिल्या. हे दुसरं मौन देवासाठी नव्हतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तांदूळ निवडले. निवडलेले पुन्हा निवडले. कशाला बोलायचं? माणूस घरात सुरक्षित आहे, लेक निर्धास्त आहे, आणि आपण काही खोटं सांगितलेलं नाही.

घड्याळजी खिडकीपाशी बसले होते. कप डाव्या हातात होता. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता, घरात कुणी पाहुणे असावेत तसा लपवून.

माईंनी ताट खाली ठेवलं.

"अहो, गाडी ओढते ती तुमच्या हातांमुळे नाही."

"समजूत घालू नकोस."

"उजवीकडचा नट मी हलवला. पूर्ण काढला, घासला, आणि अंदाजाने परत लावला. तुम्ही फोनवर होतात."

घड्याळजींनी कप खाली ठेवला. "पुसलास?"

"पुसल्याशिवाय लावायचं नाही, असं तुम्हीच सांगता."

"सांगतो खरा," ते म्हणाले. "माझ्या दुकानातल्या एकाही पोराने ते इतकं मनावर घेतलं नव्हतं." ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं आणि गेलं. मग त्यांनी उठायला म्हणून हात मांडीखालून काढला.

"थांबा. अजून आहे." माईंचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला. "हे मला पहाटेच कळलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही. मी रोज मागणंच मागत होते, तुमच्या हातून गाडी सुटावी म्हणून."

घड्याळजी उठून उभे राहिले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. रागावले असते तर माईंना सोपं गेलं असतं. पण त्यांनी फक्त विचारलं, "मग आता का बोललीस?"

"तुम्ही हात लपवून बसला होतात."

घड्याळजी गॅरेजकडे गेले, आणि जाताना दार माईंसाठी उघडं ठेवलं.

नटाची जुनी जागा आता कुठे शोधणार? म्हणून त्यांनी दोरी ताणली. मागच्या चाकापासून पुढच्या चाकाच्याही पुढे, दोन्ही अंगांना. दोरी टायरला कुठे टेकते आणि कुठे नाही, हे माई वाकून बघत आणि सांगत. घड्याळजी टोक किंचित फिरवत. अर्धी फेरी, मग पाव. चाकं खाली टेकवून गाडी पुढेमागे ढकलायची आणि पुन्हा दोरी. आरे सरळ झाले तेव्हा त्यांनी नट आवळला. पिन माईंकडे दिली. या वेळी आपणहून दिली.

गाडी गल्लीतून बाहेर पडली आणि सरळ गेली. चौक मागे पडला, दुकानं मागे पडली, दोन्ही बाजूंना झाडं असलेला लांब रस्ता आला. घड्याळजींचे हात स्टिअरिंगवर होते आणि थरथर होतीच. माईंना ती अंगठ्यात दिसत होती. पण गाडीपर्यंत ती पोचत नव्हती. माईंनी दाराचा पट्टा धरला नव्हता. धरावासा वाटत होता.

रस्त्याच्या शेवटी गाडी थांबवून घड्याळजी म्हणाले, "लेकीला सांगू, दोष तिच्या आईचा निघाला."

"सांगा."

त्यांनी इंजिन बंद केलं. "एक दिवस येणार आहे. हे हात खरंच चुकतील, आणि मला ते कळणार नाही. पोरीने सांगितलं तर मी भांडेन. डॉक्टरांनी सांगितलं तर दुसरा डॉक्टर शोधेन." मग ते माईंकडे वळले. "तू सांग. तू म्हणालीस की मी त्याच जागी गाडी थांबवीन आणि उतरेन."

माईंना वाटलं, यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं. कालपर्यंत हे ओझं देवावर टाकता येत होतं.

"सांगेन," त्या म्हणाल्या.

घड्याळजींनी गाडी वळवली. परतीच्या वाटेवर झाडांच्या सावल्या बॉनेटवरून मागे जात होत्या, पण माईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या स्टिअरिंगचे सरळ आरे बघत होत्या, आणि त्यांवरचे ते दोन हात.