डाकीण ओळखणारा दिवा

सावद्याजवळच्या आमच्या गावात, जीवरामआबांच्या केळीबागेत, त्या संध्याकाळी जत्रेसारखी गर्दी होती. सगळ्यांच्या माना पंपाजवळच्या खांबावरच्या दिव्याकडे. माझी आई ताईबाई बांधावरून चालली की तो लाल होतो, म्हणजे ती डाकीण, असं धनसिंगबाबाने दोनदा करून दाखवलं होतं. आज पुन्हा लाल झाला तर आईने गाव सोडायचं, असं ठरलं होतं. बाबाला मठासाठी आमचं शेत हवं होतं आणि आई देत नव्हती, हे मात्र कोणी बोलत नव्हतं.

मी मोहिनी. धुळ्याला देवपूरच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. हे सगळं मी आदल्या दिवशीच थांबवू शकले असते. पण मला हा माणूस सगळ्यांसमोर तोंडावर आपटलेला पाहायचा होता.

पदराने तोंड झाकलेली बाई बांधावर आली. बाबाने झोळीत हात घातला, डोळे मिटले आणि मंत्र सुरू केला. मंत्र कसला, मारुतीचं शेपूटच. सगळे देव झाले, नद्या झाल्या, डोंगर झाले, मग पुन्हा पहिल्या देवापासून. शेवटी दिवा लाल झाला.

"देखा! हाई बाई डाकीन शे," बाबा ओरडला. "जमिनीतलं बठ्ठं पाणी पी टाकस. हाकला इले."

दोघातिघांनी ढेकळं उचलली. बाईने पदर मागे सारला. माझ्या सांगण्यावरून आईचं लुगडं नेसून आलेल्या त्या जीवरामआबांच्याच बायको, सुनंदाबाई होत्या. आई घरीच होती.

"आबा, काकूंना आज हाकलता की उद्या?" मी विचारलं.

बाबा काढता पाय घेऊ लागला. मी झोळी हिसकावून उलटी केली. केळीच्या खांबाचा ओला तुकडा पडला आणि मागोमाग खाली लांब खिळे असलेले पाच डबे.

"हे तर माह्या बागेतले," आबा म्हणाले.

"तुमचेच. असे नऊ डबे बागेत पुरलेत. प्रत्येक डबा आपापल्या जागची ओल तपासतो. बॅटरी वाचावी म्हणून बराच वेळ झोपतो, आणि जमीन कोरडी असली तरच दिव्याशी बिनतारी बोलतो. निम्म्याहून जास्त डबे 'कोरडं' म्हणाले की दिवा लाल, म्हणजे पाणी सोडा. हा माणूस पूर्वी हेच डबे बसवायचा. यानेच पाच उपटले. गप्प डबा म्हणजे ओली जमीन, म्हणून तुम्हाला चोरी कळली नाही. झोळीत त्यांचे खिळे केळीच्या या ओल्या तुकड्यात खुपसलेले असत. आईला बघून तो ते बाहेर काढायचा. आणि डबे जागे होईपर्यंत मंत्र!"

बाबाने माझे पाय धरले.

"पोरी, त्याले सोड आता," आबा म्हणाले.

"नाही सोडणार. जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलीस बांधापलीकडे उभे आहेत. आणि आबा, खोटं हा बोलला, पण ढेकळं तुमच्या माणसांनी उचलली. दिवा लागल्यावर तो कशाने लागला, एवढं एकानेही विचारलं नाही. यापुढे तरी विचारा. तेवढ्याने एखादी बाई जगते."

बाबाला नेल्यावर सगळे माफी मागायला आमच्या दारात आले. आईने कळशी बाहेर आणून ठेवली.

"माफी नंतर," ती म्हणाली. "आधी डाकिणीच्या हातचं पानी प्या. एकेकानं, माह्या डोळ्यासमोर."