पाऊण भरलेले पेले

काळी स्टाउट बिअर ओतली की तिचे बुडबुडे काचेलगत वर न जाता खाली उतरताना दिसतात. फेस स्थिर व्हायला जेमतेम दोन मिनिटं लागतात. तोवर पेला पाऊणच भरून ठेवायचा, मग वरचं ओतायचं. खाडीच्या पाण्याचे नमुने तपासण्याची माझी नोकरी, त्यामुळे मोजायची सवय आहे. त्या शनिवारी दुपारी आयर्लंडमधल्या कार्लिंगफर्डच्या आमच्या पबमध्ये काउंटरवर पाऊण भरलेले सात पेले होते, आणि स्टाउट मागितली होती दोघांनी.

बाबा आठवा भरत होते. पेला ठेवून पाठ फिरवली की तो त्यांच्या मनातून जाई. गेल्या वर्षी असे एक-दोन उरायचे, ते मी गुपचूप सिंकमध्ये ओतायची. त्यांच्याशी याबद्दल बोलायचं मी इस्टरवर ढकललं होतं, मग उन्हाळ्यावर. चव्वेचाळीस वर्षं ते त्या जागी उभे होते.

स्टाउट मागणारं जोडपं ओहायोचं, किल्ला बघून भिजून आलेलं. बाईंनी विचारलं, “हे इतके पेले कोणासाठी?”

माझ्याआधी फिंटन बोलला. शेकोटीजवळचं स्टूल त्याचं, बाबांच्या लग्नाच्या आधीपासून.

“हळू बोला, बाई. खाडीत बुडालेल्यांसाठी. एका होडीत आठ जण होते.”

“मग अर्धवट का भरलेत?”

“वरचं त्यांनी समुद्रातून आणायचं! नववाही गेला असता, पण तो सासुरवाडीला जेवायला थांबला. अजून पस्तावतोय.”

फिंटनने मला डोळा मारला, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं. नवऱ्याने टोपी काढली. बाईंचे डोळे भरले. मी काउंटर पुसत राहिले. तो आधीच कोरडा होता.

बाबा फडकं हातात धरून ऐकत होते.

“कोण गेलं रे, फिंटन?”

“कोणी नाही, मलाकी. गंमत चाललीय.”

“आठ जण गेले, आणि मला कोणी सांगितलं नाही? दार उघडं टाकून धंदा करतोय मी! लोक काय म्हणतील?”

गावात मयत झालं की आम्ही रस्त्याकडचे पडदे ओढतो. बाबांनी ते एकेक करून ओढले, एकही चुकला नाही. खोलीत अंधारलं. हाही त्याच रिवाजाचा भाग समजून ते दोघं पाहुणे उठले आणि माना खाली घालून उभे राहिले. फिंटनने तोंडावरून हात फिरवला. आता थांबवणार तरी कोणाला?

बाबा माझ्याजवळ आले. आवाज अगदी लहान करून म्हणाले, “ब्रोना, आपल्यातलं कोणी आहे का गं त्यात?”

“नाही, बाबा. कोणी गेलं नाही. पेले तुम्हीच भरलेत, सगळे.” त्यांच्या हातातलं फडकं मी घेतलं. “उद्यापासून तुम्ही काउंटरमागे उभं राहायचं नाही.”